वाढीव कर आणि रहिवाशांचा अधिकार : मिनीआपोलिसच्या वस्ती पुनरुज्जीवन कार्यक्रमाची चिकित्सा

प्रास्ताविक

नागरी विकासासाठी पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न जितका जुना आहे तितकाच तो पैसा कोणी आणि कोणत्या हेतूने खर्च करावयाचा, हा प्रश्नही जुना आहे. पहिल्या प्रश्नाचा विचार अर्थशास्त्राचे अभ्यासक करतात, दुसऱ्याचा राज्यशास्त्राचे व समाजशास्त्राचे. या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असतात, ही बाब मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ‘टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग’ या वित्तपद्धतीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठीत तिला ‘करवाढीवर आधारित वित्तपुरवठा’ असे म्हणता येईल. तिच्या आद्याक्षरांवरून ‘टिफ’ हे संक्षिप्त नाव रूढ झाले असून पुढील विवेचनात तेच वापरले आहे.

ही पद्धत सामान्यतः महापालिका आणि बांधकाम व्यावसायिक यांच्या हातातील साधन मानली जाते. तथापि मिनेसोटा राज्यातील मिनीआपोलिस शहराने १९९० मध्ये ती रहिवाशांच्या हाती सोपविण्याचा प्रयोग केला आणि तो वीस वर्षे चालविला. सहभागी लोकशाहीच्या अभ्यासकांनी या प्रयोगाची वाखाणणी केली, तशीच त्याच्यावर कठोर टीकाही झाली. या प्रयोगाचे यश कोणते, त्याची मर्यादा कोणती आणि त्या मर्यादेचे मूळ रहिवाशांच्या वर्तनात आहे की पैशाच्या उगमात आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

टिफची रचना

टिफची कल्पना वरवर पाहता साधी आहे. शहरातील एखादा खालावलेला भाग निवडून त्याच्या सीमा आखल्या जातात. त्या दिवशी तेथील मालमत्तांचे जे करयोग्य मूल्य असेल ते ‘आधारमूल्य’ म्हणून गोठविले जाते. पुढे मूल्य वाढले की आधारमूल्यावरील कर पूर्वीप्रमाणे शहर, काउंटी, शाळा मंडळ इत्यादी संस्थांना मिळत राहतो. वाढीव मूल्यावरील कर मात्र वेगळ्या निधीत जमा होतो आणि त्याच भागाच्या विकासासाठी खर्च होतो. समजा, एखाद्या भागाचे आधारमूल्य १०० कोटी असून कराचा दर एक टक्का आहे. तेथून वर्षाला एक कोटीचा कर मिळेल. दहा वर्षांनी मूल्य १६० कोटी झाले तर कर १ कोटी ६० लाख होईल. त्यातील एक कोटी नेहमीच्या संस्थांना आणि उरलेले साठ लाख टिफच्या निधीला, अशी ही वाटणी असते. हे साठ लाख दरवर्षी मिळतील या भरवशावर कर्जरोखे काढून पैसा आधीच उभा करता येतो. म्हणजे उद्याच्या करावर आजचा विकास उभारावयाचा, असा हा व्यवहार आहे.

कॅलिफोर्निया राज्याने १९५२ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. १९७४ मध्ये संघराज्य सरकारचा जुना नागरी नूतनीकरण कार्यक्रम संपुष्टात आला आणि शहरांना मिळणारा बाहेरचा पैसा आटू लागला. त्यानंतर टिफचा प्रसार झपाट्याने झाला. मिनेसोटाने १९७९ मध्ये यासंबंधी स्वतंत्र कायदा केला, तर इलिनॉयचा कायदा १९७७ चा आहे. नवा कर न लावता, मतदारांचा रोष न ओढवता पैसा उभा करता येतो, हे या पद्धतीचे आकर्षण होय.

परंतु या साधेपणात एक गृहीतक दडलेले आहे. मूल्यातील वाढ केवळ टिफमुळेच झाली, टिफवाचून ती झालीच नसती, असे मानले तरच ‘कोणाचेही काही गेले नाही’ हे विधान खरे ठरते. म्हणूनच अनेक राज्यांच्या कायद्यांत ‘या साहाय्यावाचून विकास झाला नसता’ असे दाखवून देण्याची अट आहे. ही अट कागदावर पाळणे सोपे आणि प्रत्यक्षात तपासणे अवघड असते. जी वाढ एरवीही झालीच असती तिच्यावरील कर टिफमध्ये गेला, तर तो शाळा, रुग्णालये, उद्याने यांच्या वाट्यातून गेलेला असतो. टिफ म्हणजे फुकटचा पैसा नव्हे. तो इतर सार्वजनिक गरजांच्या पंगतीतून उचललेला घास असण्याची शक्यता नेहमीच असते.

मिनीआपोलिसचा प्रयोग

१९५० च्या जनगणनेत मिनीआपोलिसची लोकसंख्या ५ लाख २१ हजारांहून अधिक होती. १९९० मध्ये ती ३ लाख ६८ हजारांवर आली. मधल्या चाळीस वर्षांत मध्यमवर्गीय कुटुंबे उपनगरांकडे गेली, जुनी लाकडी घरे मोडकळीस आली आणि वस्त्यांमधील दुकाने बंद पडली. याच काळात शहराचा मध्यवर्ती व्यापारी भाग मात्र झळाळत होता. १९७० व १९८० च्या दशकांत तेथे टिफच्या साहाय्याने उंच इमारती, व्यापारी संकुले आणि हॉटेले उभी राहिली. सर्व पैसा मध्यभागी ओतला जातो आणि वस्त्यांकडे कोणी पाहत नाही, अशी भावना रहिवाशांमध्ये प्रबळ झाली. महापौर डॉन फ्रेझर यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात या असंतोषाची दखल घेतली गेली आणि १९९० मध्ये राज्य विधिमंडळ व शहर यांच्या निर्णयांतून ‘नेबरहुड रिव्हायटलायझेशन प्रोग्रॅम’, म्हणजेच वस्ती पुनरुज्जीवन कार्यक्रम अस्तित्वात आला.

या कार्यक्रमाची आर्थिक बाजू धाडसी होती. मध्यवर्ती भागातील टिफ विभागांचे उत्पन्न एकत्र करून त्यातून दरवर्षी २ कोटी डॉलर, याप्रमाणे वीस वर्षांत ४० कोटी डॉलर शहरातील वस्त्यांना देण्याचे ठरले. नेहमीच्या टिफमध्ये ज्या भागात मूल्य वाढते त्याच भागात पैसा फिरत राहतो. येथे मध्यवर्ती भागातील मनोऱ्यांच्या वाढीव करातून दूरच्या वस्त्यांतील घरांची छपरे दुरुस्त होणार होती. पैसा श्रीमंत भागातून सामान्य भागाकडे वाहणे, हे टिफच्या इतिहासात अपवादात्मकच म्हणावे लागेल.

निर्णयपद्धतीही तितकीच वेगळी होती. प्रत्येक वस्तीच्या संघटनेने प्रथम शहराशी सहभागाचा करार करावयाचा. नंतर घरोघरी पाहणी, सभा आणि चर्चा यांतून वस्तीच्या गरजा निश्चित करावयाच्या. त्यांवरून कृती आराखडा तयार करून तो रहिवाशांच्या सभेत मताला टाकावयाचा. आणि मग तो कार्यक्रमाच्या धोरण मंडळाकडे व नगरसभेकडे मंजुरीसाठी पाठवावयाचा, असा क्रम होता. वस्त्यांची त्यांच्या स्थितीनुसार तीन गटांत वर्गवारी केली होती आणि अधिक खालावलेल्या वस्त्यांना निधीचा मोठा वाटा मिळावा अशी योजना होती. एकूण निधीपैकी किमान साडेबावन्न टक्के रक्कम गृहनिर्माणावर खर्च करण्याचे बंधन कायद्याने घातले होते.

धोरण मंडळाच्या रचनेकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे. त्यात शहराबरोबरच हेनेपिन काउंटी, शाळा मंडळ, उद्यान मंडळ आणि ग्रंथालय मंडळ यांना स्थान होते. वाढीव कर हा केवळ शहराचा नसून या सर्व संस्थांच्या संभाव्य उत्पन्नाचा भाग आहे, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होती. ज्यांच्या ताटातून घास उचलला त्यांना निदान पंगतीत बसविण्याचे सौजन्य मिनीआपोलिसने दाखविले. इतर अनेक शहरांत तेवढेही झालेले दिसत नाही.

प्रयोगाचे यश

या कार्यक्रमाचे फलित नाकारणे अन्यायाचे होईल. घरदुरुस्तीसाठी अल्प व्याजाची कर्जे व अनुदाने, उद्यानांची सुधारणा, शाळांच्या आवारांतील सोयी, समाजकेंद्रे, पथदिवे, वस्तीतील बाजारपेठांची डागडुजी अशी असंख्य लहान कामे त्यातून झाली. ज्यूडिथ मार्टिन आणि पॉला पेंटेल यांनी पहिल्या दशकाचा आढावा घेणारा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. ‘शेजाऱ्यांना काय हवे आहे’ हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच आहे. त्या प्रश्नाचे उत्तर, कामांची यादी पाहता, फारसे नाट्यमय नाही. लोकांना भव्य स्मारके नको होती. त्यांना न गळणारे छप्पर, सुरक्षित पदपथ आणि मुलांना खेळावयास जागा हवी होती. नगररचनाकारांच्या मोठ्या आराखड्यांत अशा गरजांना क्वचितच स्थान मिळते. त्या गरजांना अंदाजपत्रकात शीर्षक मिळवून देणे, हे या कार्यक्रमाचे पहिले श्रेय होय.

दुसरे श्रेय संघटनात्मक आहे. एलेना फॅगोट्टो आणि आर्कन फंग यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वस्ती-संघटनांच्या वाढलेल्या क्षमतेवर भर दिला आहे. हाती खरोखरीचा पैसा आणि निर्णयाचा अधिकार आला की लोक सभांना येतात, हिशेब समजून घेतात, शासकीय खात्यांशी वाटाघाटी करण्यास शिकतात, हे या प्रयोगाने दाखवून दिले. आपल्याकडे ‘लोकसहभाग’ म्हणून जे अनेकदा चालते, म्हणजे तयार आराखड्यावर हरकती व सूचना मागविणे, त्यापेक्षा ही गोष्ट गुणात्मकदृष्ट्या भिन्न होती. सूचना करणारा नागरिक आणि खर्च ठरविणारा नागरिक यांच्या मनोवृत्तीत फरक असतो. पहिला तक्रार करतो, दुसऱ्याला निवड करावी लागते. आणि निवड करताना शेजाऱ्याच्या गरजेचा विचार टाळता येत नाही.

‘रहिवासी’ म्हणजे कोण?

तथापि येथेच पहिला आक्षेप उपस्थित होतो. निवड करणारे हे शेजारी नेमके कोण होते? त्या काळात मिनीआपोलिसमधील जवळजवळ निम्मी कुटुंबे भाड्याच्या घरांत राहत होती. १९७० च्या दशकापासून आग्नेय आशियातून आलेले ह्मोंग आणि १९९० च्या दशकात आलेले सोमाली निर्वासित, तसेच कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी इंडियन यांची मोठी वस्ती शहरात होती. वस्ती-संघटनांच्या कार्यकारिणींत मात्र श्वेतवर्णीय घरमालकांचे प्राबल्य राहिले. फॅगोट्टो आणि फंग यांच्यासारख्या, कार्यक्रमाकडे सहानुभूतीने पाहणाऱ्या अभ्यासकांनीही ही विषमता नोंदविली आहे. परिणामी गृहनिर्माणासाठी राखलेल्या निधीचा मोठा भाग घरमालकांच्या घरदुरुस्तीकडे वळला आणि भाडेकरूंसाठी परवडणारी घरे बांधण्याचे काम तुलनेने मागे राहिले.

एडवर्ड गेट्झ आणि मारा सिडनी यांनी १९९४ मध्येच हा धोका ओळखला होता. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘मालमत्ताधारकांचा सूड’ असा शब्दप्रयोग आहे. अल्प उत्पन्न गटासाठी बांधल्या जाणाऱ्या भाड्याच्या घरांना वस्तीतील मालमत्ताधारक संघटितपणे विरोध करतात आणि त्यासाठी ‘वस्तीचे हित’ ही भाषा वापरतात, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. या भाषेत घरमालक म्हणजे वस्तीशी बांधिलकी असलेला, तर भाडेकरू म्हणजे आज येथे आणि उद्या कोठे असा उपरा ठरतो. लोकशाहीचा विस्तार करावयास निघालेली यंत्रणा अशा रीतीने मालमत्तेच्या अधिकाराला लोकेच्छेचे रूप देते.

या टीकेत तथ्य आहे. पण ती पुरेशी खोल जात नाही, असे म्हणावे लागते. सभांच्या वेळा बदलणे, दुभाष्यांची सोय करणे, भाडेकरूंसाठी जागा राखून ठेवणे या उपायांनी दोष काहीसा कमी झाला असता. परंतु तो केवळ सभांच्या पद्धतीचा दोष नव्हता. ज्या पैशावर हा कार्यक्रम उभा होता तो मालमत्तेच्या वाढत्या मूल्यातून येत होता आणि कार्यक्रमाचे यशही अखेरीस वस्तीतील मालमत्तेच्या मूल्यावरूनच जोखले जात होते. घराची किंमत वाढणे ही घरमालकाची कमाई असते, भाडेकरूसाठी मात्र तीच भाडेवाढ आणि प्रसंगी स्थलांतराची नोटीस ठरते. एकाच घटनेचा अर्थ दोन रहिवाशांसाठी परस्परविरुद्ध असताना ‘रहिवाशांचे हित’ असा एकवचनी शब्द वापरणे हीच मुळातली चूक होय. भाडेकरू सभेला आला असता तरी ज्या वाढीचा आनंद मानावयाचा त्या वाढीत त्याचा वाटा नव्हता.

उगम आटला की अधिकारही आटतो

दुसरा आक्षेप कालाशी निगडित आहे. २००१ मध्ये मिनेसोटा राज्याने मालमत्ता कराच्या रचनेत मोठे फेरबदल केले. सर्वसाधारण शालेय कराचा भार राज्याने स्वतःकडे घेतला आणि व्यापारी मालमत्तांच्या कराचे दर कमी केले. शिक्षणाच्या वित्तव्यवस्थेच्या दृष्टीने त्यामागे कारणे होती. पण या बदलाने मध्यवर्ती भागातून मिळणारा वाढीव कर एकदम घटला. वस्ती पुनरुज्जीवन कार्यक्रमाचा दुसरा टप्पा नुकताच सुरू होत होता. त्याच्या निधीला मोठी कात्री लागली. वस्त्यांमधील कोणत्याही सभेने हा निर्णय घेतला नव्हता, कोणत्याही वस्तीने चूक केली नव्हती. राज्याच्या राजधानीत करसूत्र बदलले आणि शहरातील रहिवाशांचा अधिकार आक्रसला.

पुढील घटना याच दिशेने गेल्या. २००८ मध्ये विधिमंडळाने शहराला नवा एकत्रित टिफ विभाग करण्याची परवानगी दिली. त्याचे उत्पन्न वस्त्यांचे कार्यक्रम आणि ‘टार्गेट सेंटर’ या क्रीडागाराचे कर्ज अशा दोन कामांसाठी वापरावयाचे होते. वस्त्यांच्या निधीशेजारी क्रीडागाराचे कर्ज येऊन बसले, ही बाब सूचक आहे. २०१० च्या अखेरीस, आर्थिक मंदीच्या काळात, शहराने वस्त्यांकडील शिल्लक निधीचा मोठा भाग गोठविला. जपून खर्च करणाऱ्या वस्त्यांनाच त्याची झळ अधिक लागली. स्वतंत्र धोरण मंडळाची जागा शहराच्या एका खात्याने घेतली आणि वस्ती-संघटनांचे स्थान निर्णयकर्त्यांकडून सल्लागारांकडे सरकले. २०२० मध्ये शहराने निधीवाटपाचे नवे नियम आखताना वंचित समूहांच्या समन्यायी सहभागावर भर दिला. जुन्या दोषाची ती योग्य जाणीव होती. पण ती येईपर्यंत वाटावयाचा निधीच पूर्वीच्या मानाने पुष्कळ लहान झाला होता.

येथे महाराष्ट्राच्या अनुभवातील एक दाखला उपयुक्त ठरतो. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेसाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत केला. येथेही शहरी भागातील पगारदारांकडून व व्यावसायिकांकडून मिळणारा कर ग्रामीण श्रमिकांकडे वळविला होता. म्हणजे पैशाचा प्रवाह मिनीआपोलिसप्रमाणेच संपन्न भागातून वंचित भागाकडे होता. मात्र दोन्हींत एक मूलभूत भेद आहे. महाराष्ट्रात काम मागण्याचा अधिकार कायद्याने मान्य झाला आणि कर त्याच्या पूर्ततेचे साधन ठरला. मिनीआपोलिसमध्ये निधी आधी आला आणि रहिवाशांचा अधिकार त्या निधीच्या मागे चालत आला. साधन अपुरे पडले तर अधिकाराच्या नावाने शासनाला जाब विचारता येतो. अधिकारच साधनावर टेकलेला असेल तर साधनाबरोबर तोही कोसळतो. रोजगार हमी योजनेच्या अंमलबजावणीत उणिवा होत्या, हे मान्य केले तरी या तात्त्विक भेदाचे महत्त्व कमी होत नाही.

शिकागो आणि पोर्टलंड : दोन तुलना

मिनीआपोलिसच्या प्रयोगाचे मोल नेमके कळण्यासाठी ज्या शहरात रहिवाशांना टिफमध्ये स्थानच मिळाले नाही त्याकडे पाहणे आवश्यक आहे. शिकागोमध्ये १९८४ साली, हॅरॉल्ड वॉशिंग्टन महापौर असताना, पहिला टिफ विभाग स्थापन झाला. पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली आणि २०२१ मध्ये या विभागांचे वार्षिक उत्पन्न १०० कोटी डॉलरहून अधिक होते. हा पैसा शहराच्या नियमित अंदाजपत्रकाबाहेर राहत असल्यामुळे टीकाकारांनी त्याला ‘छाया-अंदाजपत्रक’ म्हटले. बेन जोराव्हस्की या पत्रकाराने वर्षानुवर्षे त्याचा पाठपुरावा केला. २०१३ पासून ‘सिव्हिकलॅब’ या संस्थेने नगरप्रभागानुसार टिफचे आकडे जमवून ते लोकांच्या सभांत मांडण्यास प्रारंभ केला. म्हणजे मिनीआपोलिसमध्ये रहिवासी निधी कसा खर्चावा हे ठरवीत होते, तर शिकागोमध्ये निधी किती आहे हे शोधून काढण्यासाठीच त्यांना चळवळ करावी लागत होती.

एप्रिल २०१९ मध्ये शिकागोच्या नगरसभेने ‘लिंकन यार्ड्‌स’ या प्रकल्पाला टिफमधून कमाल १३० कोटी डॉलरपर्यंत साहाय्य देण्यास मान्यता दिली. ही जागा शहराच्या उत्तरेकडील सधन वस्त्यांना लागून होती. जुन्या पोलाद कारखान्याची जमीन असल्यामुळे ती कायद्याच्या कसोटीवर ‘खालावलेली’ ठरविता आली. नागरी संघटनांनी निषेध केला, न्यायालयात दाद मागितली. पण ती फेटाळली गेली. पुढे तो प्रकल्प मूळ स्वरूपात रखडला. खालावलेल्या वस्त्यांसाठी निघालेले औषध सुदृढ भागाला आधी मिळते, कारण तेथेच मूल्यवृद्धीची खात्री असते. ज्या वस्तीत जमिनीचा भाव वाढण्याची शक्यता कमी, तेथे टिफचा निधी जमत नाही. गरज आणि निधी यांचे प्रमाण व्यस्त राहते, हा टिफचा अंगभूत दोष आहे. मिनीआपोलिसने मध्यवर्ती भागाचे उत्पन्न सर्व वस्त्यांना वाटून याच दोषावर उपाय शोधला होता, हे त्याच्या टीकाकारांनी विसरता कामा नये.

अगदी अलीकडचे उदाहरण ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहराचे आहे. त्या शहरातील आल्बिना या कृष्णवर्णीयांच्या वस्तीने १९७० च्या सुमारास रुग्णालयाच्या विस्तारासाठी झालेली पाडापाडी आणि २००० नंतर नूतनीकरणाबरोबर आलेली भाडेवाढ असे दोन्ही आघात सोसले होते. त्यामुळे टिफ या शब्दाविषयीच तेथे अविश्वास होता. या पार्श्वभूमीवर ईशान्य पोर्टलंडमधील कल्ली या वस्तीतील संघटनांनी वेगळा मार्ग धरला. पदपथ नसलेल्या रस्त्यांची आणि फिरत्या घरांच्या वसाहतींची ही वस्ती १९८५ मध्ये शहरात समाविष्ट झाली होती. ‘लिव्हिंग कल्ली’ या संघटनांच्या आघाडीने २०१५ मध्ये वस्तीतील एका बदनाम करमणूक-गृहाची जागा विकत घेतली आणि तेथे पुढे परवडणाऱ्या घरांची इमारत उभी राहिली. जुन्या कचराभूमीवर उभे राहिलेले कल्ली उद्यान २०१८ मध्ये खुले झाले. एवढी तयारी झाल्यावर संघटनांनी शहराबरोबर बसून टिफ विभागाची योजना आखली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नगरसभेने ती संमत केली.

या योजनेत विस्थापन रोखणे हे प्रारंभीच मुख्य उद्दिष्ट म्हणून नोंदविले असून खर्चाच्या प्राधान्यक्रमात रहिवाशांच्या नेतृत्व समितीला स्थान आहे. जमीन महाग होण्यापूर्वीच ती परवडणाऱ्या घरांसाठी घेऊन ठेवणे हे त्यातील व्यावहारिक शहाणपण आहे. मिनीआपोलिसच्या वस्त्यांनी निधी हाती आल्यावर गरजा ठरविल्या. कल्लीने गरजा ठरविल्यावर निधीची मागणी केली. मात्र येथेही विरोधाभास संपलेला नाही. विस्थापन रोखण्याचा पैसा मूल्यवृद्धीतून यावयाचा आहे, आणि मूल्यवृद्धी हेच विस्थापनाचे कारण आहे. वाढ मंद राहिली तर निधी जमणार नाही. वेगाने झाली तर निधी जमेपर्यंत ज्यांच्यासाठी तो जमवावयाचा तेच रहिवासी निघून गेलेले असतील. या शर्यतीत कल्लीचे रहिवासी पुढे राहतात की मागे पडतात, हे येत्या दोन दशकांत ठरेल.

भारतीय संदर्भ

हा विषय भारतीय अभ्यासकांना परका राहिलेला नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर केलेल्या मूल्यग्रहण वित्तपुरवठ्याच्या धोरण-चौकटीत ज्या पद्धती सुचविल्या आहेत त्यांत टिफचा समावेश आहे. मेट्रो, रस्ते आदी प्रकल्पांमुळे जमिनीचे जे मूल्य वाढते त्याचा काही भाग सार्वजनिक तिजोरीत यावा, ही भूमिका तत्त्वतः योग्यच आहे. परंतु त्या पैशावर वस्तीतील लोकांचा अधिकार काय, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात तर तो अधिकच जटिल होतो. एक म्हणजे मालमत्ता कराचा पाया असमान आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना मालमत्ता करात माफी देण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला. सामान्य कुटुंबांना दिलासा देणारा हा निर्णय टिफच्या गणितात मात्र त्यांच्या वस्त्यांना निधीविना ठेवील. दुसरे म्हणजे रहिवाशांच्या सभेला वैधानिक स्थान देण्याचा प्रयत्न कागदावर अधिक राहिला. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली; २००९ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभांची कल्पना स्वीकारली; परंतु ग्रामसभेला जे स्थान ग्रामीण जीवनात मिळाले ते क्षेत्रसभेला शहरांत मिळाले नाही. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू केली, ती स्वागतार्ह असली तरी तिचे स्वरूप सूचनांपुरते आहे. अशा स्थितीत टिफची केवळ वित्तीय बाजू उचलली, तर येथे शिकागोची पुनरावृत्ती होण्याचा संभव मिनीआपोलिसपेक्षा अधिक आहे.

निष्कर्ष

मिनीआपोलिसच्या प्रयोगाचे मूल्यमापन ‘यशस्वी’ किंवा ‘अयशस्वी’ अशा एका शब्दात करता येत नाही. सामान्य रहिवासी सार्वजनिक पैशाचा विनियोग जबाबदारीने करू शकतात, हे त्याने निर्विवादपणे सिद्ध केले. त्याच्या अपयशाचे खापर रहिवाशांच्या संकुचितपणावर फोडणे सोपे आहे. परंतु ते अर्धसत्य आहे. जो निधी मालमत्तेच्या मूल्यातून जन्मतो तो मालमत्ता असणाऱ्यांचाच आवाज मोठा करतो आणि मूल्य किंवा करसूत्र बदलताच ओसरतो. रहिवाशांना खर्चाचा अधिकार मिळाला. उगमावर त्यांचा कोणताच अधिकार नव्हता.

म्हणून करवाढीवर आधारित वित्तपुरवठ्याचा उपयोग वस्तीच्या विकासासाठी करावयाचा असेल, तर रहिवाशांच्या सभेचे वैधानिक स्थान आणि भाडेकरूंचे त्यातील प्रतिनिधित्व आधी निश्चित झाले पाहिजे, वाढीचा वाटा शहरातील सर्व वस्त्यांत गरजेनुसार फिरला पाहिजे आणि उत्पन्न घटल्यास किमान निधीची हमी शासनाने घेतली पाहिजे. या अटी पाळल्यास टिफ हे अनेक साधनांपैकी एक उपयुक्त साधन ठरू शकेल. त्या न पाळता केवळ लोकसहभागाचे नाव दिले, तर वाढलेल्या मूल्याचा हिशेब लोकांच्या सभेत होईल, पण त्याचा लाभ ज्यांच्याकडे आधीच होता त्यांच्याकडेच जाईल.